नेदरलँड्समध्ये तळ्याकाठच्या गावात भाड्याने घर घेताय? या चुका टाळा

दर वर्षी एप्रिल-मे आला की ओळखीच्या, अनोळखी मराठी कुटुंबांचे फोन सुरू होतात. अॅमस्टरडॅमलगतच्या अॅमस्टेलवेनचं भाडं परवडत नाही, मुलांना मोकळी जागा हवी, म्हणून विंकेवेन, लोसड्रेख्त किंवा कुडेलस्टार्टला एक घर बघितलंय, कसं आहे सांगा. मग फोटो येतो. मागच्या दाराशी पाणी, लाकडी धक्का, त्यावर दोन खुर्च्या. घर कसं आहे ते फोटोवरून काय सांगणार? मी करार मागतो. करार अजून वाचलेला नसतो, पण डिपॉझिट मात्र भरून झालेलं असतं.

मी स्वतः विंकेवेनला राहतो आणि हे गाव मला मनापासून आवडतं. म्हणूनच इथे येऊन सहा महिन्यांत पोळून परत जाणारी माणसं बघवत नाहीत.

सुट्टीचं घर राहायला घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती आम्हीही केली.

विंकेवेनची तळी निसर्गाने केलेली नाहीत. शेकडो वर्षं इथल्या लोकांनी जळणासाठी दलदलीतली माती खणून काढली, खड्ड्यांत पाणी भरलं आणि तळी झाली. खणलेली माती वाळत घालायला मध्ये चिंचोळ्या पट्ट्या सोडल्या होत्या, त्यांना लेगाकर म्हणतात. आज अशा पट्ट्यांवर आणि तळ्याकाठच्या पार्कांमध्ये, म्हणजे सुट्टीसाठी आखलेल्या वसाहतींमध्ये, छोटी छोटी लाकडी घरं आहेत. दिसायला देखणी, भाड्याला स्वस्त. पण त्यातली बहुतेक सुट्टीपुरती राहण्यासाठी आहेत, तिथे बारा महिने बिऱ्हाड करायला परवानगी नाही.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पुण्याहून आलो आणि असंच एक घर घेतलं. कोणत्या पार्कात ते सांगत नाही, पण मालकाचं वाक्य अजून कानात आहे: "नोंदणीला पत्ता ऑफिसचा द्या, सगळे तसंच करतात." आम्हाला घाई होती. मुलगी चार वर्षांची, हॉटेलचे दिवस संपत आलेले. सही केली.

इथे चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल, तर आल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत म्हणजे खेमेंतेत जाऊन राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते. त्या नोंदणीतून बीएसएन, म्हणजे सरकारी नागरिक क्रमांक, मिळतो, आणि बीएसएन नसेल तर बँक, विमा, पगार सगळं अडतं. आम्ही "ऑफिसचा पत्ता चालेल का" यातच तीन आठवडे घालवले. नंबर नसल्यामुळे कंपनीला पहिल्या पगारातून ५२ टक्के कर कापावा लागला, नियमच तसा आहे. पुढच्या वर्षी विवरण भरल्यावर जास्तीचे पैसे परत आले, पण तो महिना आम्ही कसा काढला ते आम्हालाच माहीत.

शेवटी खिडकीवरच्या बाईंनी नीट समजावलं. तुम्ही खरोखर जिथे राहता, तिथेच खेमेंतेने तुमची नोंद करायची असते. पण नोंद झाली म्हणजे तिथे राहायला परवानगी मिळाली असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नोंद होऊनसुद्धा "इथे कायम राहता येणार नाही, घर सोडा, नाहीतर दंड" असं पत्र येऊ शकतं.

आम्हाला पत्र आलं ते मालकाचं, मार्चमध्ये. एक एप्रिलपासून उन्हाळी पाहुणे येणार, घर रिकामं करा. करारात बारीक अक्षरात "अल्पकाळासाठी" असं लिहिलेलं होतं, त्यामुळे भाडेकरूला एरवी मिळणारं संरक्षण आम्हाला नव्हतंच. तीन आठवड्यांत घर शोधायचं होतं. आवरताना कपाटामागून आईने शिवून दिलेल्या गोधडीचं बोचकं ओढलं, तर त्याची भिंतीकडची बाजू बुरशीने काळी पडलेली. एकेरी काचा, पातळ भिंती, हिवाळाभर विजेचा हीटर. ती गोधडी तीनदा धुतली, वास गेला नाही.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. जाहिरात आवडली की फोन करायच्या आधी कादास्टरच्या, म्हणजे जमीन-घरांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बाग व्ह्यूअर (BAG Viewer) या वेबसाइटवर पत्ता टाकायचा. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. 'वोनफुंक्सी' दिसलं तर ते राहण्यासाठी, 'लोझीसफुंक्सी' दिसलं तर तिथेच थांबायचं. वोनफुंक्सी असलं तरी घर पार्कात असेल, तर खेमेंतेला मेल करून "या पत्त्यावर बारा महिने राहता येतं का" हे लेखी विचारायचं. उत्तराला आठवडा लागला तर लागू दे. "तोवर घर जाईल" असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं एकच असतं, जाऊ दे ते घर.

जुलैच्या उन्हात घर बघून हो म्हणणं

जुलैमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, पाणी चमकत असतं, तेव्हा कोणतंही घर छानच दिसतं. नोव्हेंबरातल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी बघा. तोवर थांबता येत नसेल, तर निदान मी करतो तेवढं करा.

ही जमीन भुसभुशीत आहे आणि सतत खचते. घर खांबांवर उभं असतं, ते जागेवर राहतं, पण अंगण खाली जातं. म्हणून आधी पुढच्या दाराच्या पायरीकडे बघतो. पायरी आणि भिंत यांच्यात फट पडली असेल, पायरीखाली हात जाईल एवढी पोकळी असेल, तर अंगणात दरवर्षी माती टाकावी लागणार. ती कोण टाकणार हे करारात आलं पाहिजे.

मग आत गेल्यावर पायपुसणं उचलतो. बऱ्याच जुन्या घरांत दाराशी पायपुसण्याखालीच एक झाकण असतं, त्याखाली जमिनीलगतची पोकळी. टॉर्च घेऊन डोकावायचं. खाली ओली माती असतेच, तिला घाबरू नका. पण पाणी साचलेलं असेल आणि आंबूस वास वर येत असेल, तर हिवाळ्यात त्या घरातले कपडे वाळणार नाहीत. माकेलार, म्हणजे घर दाखवणारा दलाल, घड्याळाकडे बघतो, बघू दे. एकदा एका जोडप्याबरोबर गेलो होतो. त्यांना टेरेस इतकं आवडलं होतं की माझ्या झाकण उघडण्याची त्यांनाच लाज वाटत होती. खाली चांगलं वीतभर पाणी निघालं. तरी त्यांनी घर घेतलं. जानेवारीत मुलाला खोकला लागला, तेव्हा पहिला फोन मला आला.

फोडणीचा वासही याच वेळी तपासा. स्वयंपाकघर बहुतेक वेळा बैठकीतच असतं, आणि ओट्यावरचा पंखा हवा बाहेर न टाकता गाळून परत घरातच सोडणारा असू शकतो. नळी बाहेर जाते का, ते वर हात घालून बघा.

बाकीच्या, थोडक्यात

डच भाषेत 'काल' (kaal) घर म्हणजे अक्षरशः उघडं घर. जमिनीवर सिमेंट, छतातून लोंबणाऱ्या वायरी, पडदे नाहीत. जाहिरातीत हा शब्द दिसला की फरशी, पडदे, दिवे यांचा खर्च भाड्यात मिळवून मगच तुलना करा.

घर न बघता पैसे पाठवू नका. कोणी कितीही गोड बोललं, किल्ली कुरिअरने येईल म्हणालं, तरी नाही.

१ जुलै २०२३ नंतरच्या करारात डिपॉझिट मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. एजंट मालकाचं काम करत असेल, तर त्याची फी तुमच्याकडून मागू शकत नाही. १ जानेवारी २०२५ पासून नव्या कराराबरोबर घराच्या पॉइंटांचा (घराचा आकार, सोयी वगैरेंवरून दिलेल्या गुणांचा) हिशेब मालकाला द्यावा लागतो, तो मागून घ्या. १८६ पॉइंटांपर्यंतच्या घराच्या भाड्याला कायद्याने मर्यादा आहे. आकडा पटला नाही तर पहिल्या सहा महिन्यांत ह्युरकोमिसीकडे जा. भाडेकरू आणि मालक यांच्यातले भाड्याचे वाद सोडवणारी ती निःपक्ष संस्था आहे.

घर पाण्याला लागून आहे म्हणजे बोट बांधायची परवानगी आहे, असं धरून चालू नका. विचारा.

वॉटरस्खापचं, म्हणजे पाण्याची व्यवस्था बघणाऱ्या सरकारी मंडळाचं, बिल भाडेकरूला येतं. सांडपाण्याचा कर एकट्या माणसाला एका युनिटचा, दोन किंवा जास्त माणसं असली की तीन युनिटांचा.

बसचं रविवारचं आणि रात्रीचं वेळापत्रक बघा. विंकेवेनला रेल्वे स्टेशन नाही.

लहान मूल आहे आणि पोहणं "नंतर बघू"

हे नंतर बघायचं नसतं. इथे दारापुढे, शाळेच्या रस्त्यावर, मैदानाच्या कडेला पाणीच पाणी, आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. इथली मुलं चार-पाच वर्षांची झाली की पोहायच्या वर्गाला जातात, ए, बी, सी अशा डिप्लोमांच्या परीक्षा देतात. वर्गांना प्रतीक्षायादी असते, म्हणून घराच्या करारावर सही कराल त्याच आठवड्यात नाव घाला. "आमचा सोसायटीच्या टँकमध्ये पोहतो" हे मला बरेच जण सांगतात. पोहण्याच्या पोशाखात, उन्हात, निळ्या टँकमध्ये पोहणं वेगळं, आणि जाकिटासकट गार, गढूळ पाण्यात पडणं वेगळं.

आमच्या मुलीची ए परीक्षा झाली तेव्हा आम्ही दोघं काठावर उभे होतो. अंगात शर्ट-पँट, पायात बूट, तशीच ती पाण्यात उतरली. मग कपडे बदलून पाण्याखाली बुडी मारून, आडव्या लावलेल्या कापडाच्या भोकातून पलीकडे निघाली. त्यानंतरच आम्ही तिला धक्क्यावर जाऊ दिलं, तेही पहिलं वर्षभर आमच्यापैकी एक जण सोबत असतानाच.