फरकातून बत्तीस वजा करू नका: साप्ताहिक हवामान अहवालाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

महापे येथील कार्यालयात अमेरिकेतील मैदानी प्रदेशाचा साप्ताहिक हवामान अहवाल तयार करण्याचे काम मी गेली चार वर्षे करते आहे. कॅन्सस, नेब्रास्का, कोलोरॅडो, वायोमिंग आणि दोन्ही डकोटा या राज्यांतील तापमान, पाऊस व दुष्काळ यांवर तेथील गव्हाचा अंदाज बांधला जातो आणि धान्यव्यापारातील आमचे ग्राहक त्यावर विसंबून खरेदी करतात. पाया तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून पहिल्याच हिवाळ्यात मला गाठलेल्या चुकीकडे थेट वळते.

तक्त्यात नेब्रास्कापुढे 'सरासरीपासून फरक: +9' असा फॅरेनहाइटमधील आकडा होता. मी शाळेतल्या सूत्राप्रमाणे त्यातून 32 वजा केले, 5 ने गुणून 9 ने भागले आणि 'सरासरीपेक्षा 12.8 अंशांनी थंड' असे लिहून मोकळी झाले. जानेवारी असल्यामुळे, ठाण्यात वाढलेल्या मला त्यात काही वावगे वाटले नाही. प्रत्यक्षात तो आठवडा सरासरीपेक्षा 5 अंशांनी उबदार होता. दोन्ही मापनांचे शून्य वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे तापमान बदलताना 32 वजा करावे लागतात. फरक काढताना मात्र ते 32 दोन्ही बाजूंनी आधीच कटलेले असतात. सरासरी 30 आणि प्रत्यक्ष 39 फॅरेनहाइट घ्या: सेल्सियसमध्ये ते उणे 1.1 आणि 3.9 होतात, म्हणजे अंतर 5 चेच राहते. शरद ऋतूत पेरलेला गहू हिवाळ्यात सुप्तावस्थेत असतो. ऊब वाढली की त्यावरचे बर्फाचे पांघरूण वितळते आणि पुढच्या कडाक्यात पीक उघडे पडते. ग्राहकांना मी नेमके उलटे चित्र दिले होते.

माझ्या वरिष्ठांनी आकड्याभोवती पेन्सिलीने गोल करून बाजूला '9 × 5 ÷ 9' एवढेच लिहिले आणि कागद परत दिला. चूक स्वतः दुरुस्त करून देणाऱ्यापेक्षा ती शोधायला लावणारा मार्गदर्शक कितीतरी मोलाचा, असे माझे ठाम मत आहे. तयार सूत्रे भरलेली एक्सेल फाइल पहिल्या महिन्यात कोणाकडूनही घेऊ नका. रोज दोन ठिकाणांचे आकडे हातानेच काढा. घाबरण्याचे कारण नाही, दोन-तीन आठवड्यांत हात बसतो.

पावसाबाबत एवढेच सांगते, की आपल्या जुलैची मोजपट्टी तेथे लावू नका. पश्चिम कॅन्ससमध्ये वर्षभराचा पाऊस सुमारे 500 मिलिमीटर आहे, त्यामुळे 25 मिलिमीटरची एक सरही तेथे मोठी बातमी ठरते. हिवाळ्यात तर आठवड्याची सरासरीच इतकी अल्प असते, की 'सरासरीच्या 300 टक्के' हा आकडा जमिनीच्या ओलीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

दुष्काळाचा नकाशा गुरुवारी आपल्या वेळेनुसार उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला येतो. त्यातील डी-0 म्हणजे असाधारण कोरडेपणा आणि डी-4 म्हणजे सर्वांत भीषण दुष्काळ. मात्र त्यात आपल्या मंगळवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंतचाच पाऊस धरलेला असतो. बुधवारी कॅन्ससमध्ये चांगला पाऊस झाला आणि गुरुवारी नकाशा तसाच लाल दिसला, तर नकाशा चुकला असे समजू नका आणि ग्राहकाचा फोन येण्याची वाटही पाहू नका. 'मंगळवारनंतरचा पाऊस यात नाही' हे वाक्य अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.