स्ट्रॉबेरी अंगी लागेल अशी कशी खावी?

डिसेंबर उजाडला की मंडईच्या आसपास स्ट्रॉबेरीचे प्लास्टिकचे डबे दिसायला लागतात आणि मार्चपर्यंत त्यांचंच राज्य असतं. महाबळेश्वर-पाचगणी पुण्यापासून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्यामुळे इतकं नाजूक फळ तोडल्यापासून दिवस-दोन दिवसांत आपल्या घरात येऊ शकतं. तरीही आपल्यापैकी बरेच जण ते मिल्कशेकमध्ये घालून, वर साखर ओतून संपवतात. चवीला छान लागतं, पण फळाचे गुण पदरात पाडून घ्यायचे तर ते ताजं आणि जसंच्या तसं खाल्लेलं बरं.

शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरी म्हणजे मध्यम आकाराची सात-आठ फळं. त्यात फक्त ३२ कॅलरी, ५ ग्रॅमच्या आसपास साखर, २ ग्रॅम तंतू आणि सुमारे ५८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. मोठ्या माणसांसाठी क जीवनसत्त्वाची शिफारस आपल्याकडे बाईला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम अशी आहे. म्हणजे एका वाटीत बरंचसं काम होतं. मात्र हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, उष्णतेने घटतं आणि फळ चिरून ठेवलं तर हळूहळू कमी होत जातं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

डबा उलटा करून बघा

वरच्या थराला फसू नका. टपोरी फळं वर आणि पिचकी खाली, हा धंद्यातला जुना हिशोब आहे. डबा सरळ उलटा करून तळ बघा. तळाला लाल ओल दिसली की खालची फळं दबलीत असं समजा. "ताई, सगळा एकसारखा माल आहे, वरूनच बघा की" असं ऐकू आलं, तर तळ जरूर बघा.

मग देठाशी नजर टाका. पानं हिरवी आणि ताठ हवीत, लाली थेट देठापर्यंत पोचलेली हवी. केळं किंवा आंबा घरी आणून पिकवता येतो, स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. देठाजवळ पांढरी राहिलेली फळं चार दिवसांनी मऊ पडतील, पण गोड होणार नाहीत. आकाराचं फार मनावर घेऊ नका, लहान फळं अनेकदा जास्त गोड निघतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय खरं, पण रस्त्यावरच्या डब्यातला माल कुठला ते आपल्याला कसं कळणार? नाकावर भरवसा ठेवा. पिकलेल्या फळाचा वास बंद डब्यातूनही येतो.

थेट महाबळेश्वरहून आणत असाल तर डबे डिकीत कोंबू नका. पसरणी घाट उतरेपर्यंत त्यांचा निम्मा जॅम झालेला असतो. पायाशी, सावलीत ठेवा.

धुणं खाण्याच्या वेळी

आणल्याआणल्या सगळी फळं धुऊन ठेवायची सवय इथे महागात पडते. ओलं फळ बुरशीला आमंत्रण देतं. पसरट डब्यात कागदी रुमाल अंथरून फळं एका थरात ठेवा, झाकण किंचित सैल ठेवा आणि फ्रिजमध्ये टाका. दोन-तीन दिवसांत संपवा. राखाडी लव आलेलं फळ दिसलं तर खराब भाग कापून उरलेलं खाऊ नका, अख्खं टाका आणि शेजारची फळंही तपासा. मऊ फळात बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते.

खायच्या आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली, देठासकट, हलक्या हाताने धुवा. देठ आधी काढला तर पाणी आत शिरतं आणि चव पातळ होते. साबण मुळीच नको. या पिकावर फवारणी होते, त्यामुळे धुणं टाळू नका.

कशाबरोबर खायची?

माझं मत विचाराल तर सकाळच्या पोह्यांबरोबर. पोह्यातलं, बाजरीच्या भाकरीतलं, पालेभाजीतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. सोबत क जीवनसत्त्व असलं की ते जास्त प्रमाणात शोषलं जातं. पोह्यांवर आपण लिंबू पिळतो, त्यानेही हेच साधतं. उलट पोह्यांबरोबरचा चहा लोहाच्या आड येतो. म्हणून चहा तासभर पुढे ढकला आणि त्या जागी वाटीभर स्ट्रॉबेरी घ्या. पुणेकराला चहा पुढे ढकलायला सांगणं धाडसाचं आहे, पण रक्त कमी असणाऱ्यांनी हे करून बघावं.

हृदयाबद्दलही चर्चा असते. अमेरिकेत सुमारे ९३,६०० स्त्रियांची १८ वर्षं पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा स्ट्रॉबेरी किंवा ब्लूबेरी खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. ही निरीक्षणं आहेत, औषधाचा दाखला नव्हे. त्यामुळे गोळ्या बंद करायचा विचारही नको.

मधुमेह असेल तर वाटीभर स्ट्रॉबेरी बहुतेकांना चालते, क्रीम आणि साखर घातलेली नाही. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम मोजावं लागतं, तिथे आधी डॉक्टरांना विचारा. खाल्ल्यावर ओठ किंवा घसा खाजला तर लगेच थांबा. लहान मुलांना अख्खं फळ देऊ नका, चार फोडी करून द्या.

डबा संपत नसेल तर फळं धुऊन, कोरडी करून, देठ काढून ताटात सुटी सुटी गोठवा आणि मग पिशवीत भरा. गोठवल्यावर क जीवनसत्त्व बऱ्यापैकी टिकतं, शिजवलेल्या जॅमपेक्षा नक्कीच जास्त. एप्रिलमध्ये दह्यात घालायला ती कामी येतात.