व्हिक्टोरियन जलरंगचित्र घेताय? या चुका टाळा

फ्रेमखाली ‘ऑक्सफर्ड, १८५०’ असं लिहिलेलं दिसलं की आपण भुलतो. ती ओळ चित्रकाराचीच असेल असं नाही. पुढे कधीतरी एखाद्या फ्रेमवाल्याने किंवा विक्रेत्यानेही ती लिहिलेली असू शकते. काळ चित्रातच शोधा. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजचा मोठा चौक, टॉम क्वाड, घ्या. त्याच्या मधल्या हौदात आज मर्क्युरी या रोमन देवाचा पुतळा आहे, पण तो १९२८ सालचा. त्याआधीचा पुतळा १८१७ मध्येच तिथून काढून टाकलेला. म्हणजे व्हिक्टोरियाच्या अख्ख्या कारकिर्दीत, १८३७ ते १९०१, हौदात पुतळाच नव्हता. चित्रात तो दिसला की १८५० विसरा.

दुसरी चूक छापील चित्राला हाताने काढलेलं समजण्याची. आकरमन या प्रकाशकाच्या १८१४ च्या ऑक्सफर्ड ग्रंथातली चित्रांची पानं ॲक्वाटिंटची, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेली आहेत, वर हाताने रंग भरलेले. अशी सुटी पानं नुसत्या डोळ्यांना सहज फसवतात. भिंगाखाली मात्र छपाईची रवाळ जाळी दिसते.

माझी स्वतःची चूक आकाशाची. गुलाबी आकाश पाहून मी कितीतरी दिवस ‘काय सुंदर संध्याकाळ’ म्हणत होतो. चित्रातल्या सावल्या मात्र भर दुपारच्या, आखूड! त्या काळी ढगांचा करडा रंग नीळ आणि तांबडी माती मिसळून करत. नीळ उजेडाने उडते, माती टिकते, आणि दुपारची संध्याकाळ होते. टॉम टॉवर चौकाच्या पश्चिमेला आहे, त्यामागे लाली खरी असू शकते; पूर्वेच्या कॅथीड्रलमागे मावळतीचा सूर्य कुठून येणार? शंका असेल तर माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचलून कडेची झाकलेली पट्टी पाहा. तिथे मूळचं निळसर आभाळ सापडतं. या रंग उडण्यावरून इंग्लंडात इतका वाद झाला की रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांना प्रयोग करून १८८८ मध्ये अहवाल द्यावा लागला. उडालेली नीळ परत येत नाही. उरलेली जपायची तर चित्र खिडकीसमोर नको. संग्रहालयंसुद्धा जलरंगांवर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप), म्हणजे मंद उजेड ठेवतात.

पांढऱ्या जागा काळ्या पडल्या असतील तर खोडरबर उचलू नका. तो मळ नसतो. शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकाने काळा पडतो. तपकिरी ठिपक्यांवर घरगुती ब्लीच तर अजिबातच नको. दोन्ही कामं कागद-संवर्धकाची.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात फ्रेम बाहेरच्या भिंतीला टेकवून लावू नका, ओल थेट कागदात उतरते. मागे कॉर्कचे चार तुकडे चिकटवा, हवा खेळू द्या. कागद काचेला चिकटू नये म्हणून मध्ये आम्लरहित माउंट हवाच. मागचा जुना पिवळा पुठ्ठा बदला, पण फेकण्याआधी त्यावरची चिठ्ठी, शिक्का, नाव यांचे फोटो काढून ठेवा.