टेकडी, ऑफिस, मंडई: एकाच कपड्यांत दिवस काढायचा तर

व्यायामाला आणि ऑफिसलाही चालतील अशा कपड्यांच्या खरेदीला निघण्याआधी एक कागद घ्या आणि आपला नेहमीचा मंगळवार त्यावर लिहून काढा. रविवार नको, रविवारी प्रत्येकजण मनातल्या मनात सिंहगड चढत असतो. मंगळवारी सकाळी पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर जाता का, गाडीवर किती वेळ बसता, ऑफिसातला एसी किती कडक असतो, येताना भाजी घेता का, संध्याकाळी कुणाकडे डोकावता का. जे लिहाल त्याच्यासाठी कपडे घ्यायचेत, मॅरेथॉनसाठी नाही. मग कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा: खिसा. गेल्या खेपेला मी रंग, माप, कापड, सवलत सगळं बघितलं आणि एवढंच बघायचं राहिलं. त्या लेगिंग्ज आता घरात सूर्यनमस्कारांपुरत्या उरल्यात. तेव्हा हा शब्द पुढे वारंवार येईल. कंटाळलात तरी येईल.

सुरुवात खालच्या कपड्यांपासून करा, कारण पैसे तिथेच जातात आणि फसगतही तिथेच होते. तीन पुरतात: एक घट्ट लेगिंग, एक जॉगर (घोट्याशी इलॅस्टिक असलेली सैल पँट), आणि एक सरळ पायाची पँट, जी लांबून फॉर्मलच वाटेल. रंग काळा, नेव्ही, फार तर गडद ऑलिव्ह. फिका राखाडी दुकानात फार छान दिसतो. पर्वतीच्या पायऱ्या चढून वर गेलात की कुठे कुठे घाम आला ते मागून येणाऱ्या सगळ्यांना कळतं. खालचे तिन्ही गडद असले की वर काहीही चालतं, जुळवाजुळवीचा विचार सकाळी सहाला करावा लागत नाही.

लेगिंग घेताना आतलं लेबल वाचा. तीन चतुर्थांश किंवा थोडं जास्त नायलॉन वा पॉलिस्टर आणि वीसेक टक्के स्पॅन्डेक्स, म्हणजे ताणणारा धागा, हे प्रमाण चांगलं. लेबलवर इलॅस्टेन लिहिलेलं असो, लायक्रा असो, गोष्ट एकच. कुर्त्याखाली घालतो ती सुती लेगिंग ही वेगळी वस्तू आहे. ती घालून दोन दिवस टेकडी चढलात की गुडघ्याला फुगे येतात. कापडाचं वजन कुठे लिहिलं असेल तर बघा, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) २२० च्या वर असलेलं बरं. लिहिलं नसेल तर हात आत घाला, बोटं फाकवून कापड ताणा आणि उजेडाकडे धरा. बोटं मोजता आली तर परत ठेवा. ट्रायल रूममध्ये आरशाकडे पाठ करून ओणवं व्हा. लाज वाटते खरी, पण ती तिथेच वाटलेली परवडते. आसनाला, म्हणजे दोन्ही पाय जुळतात तिथे, वेगळा चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा जोडलेला असेल तर उत्तम. चारही शिवणी एकाच ठिकाणी येत नाहीत, त्यामुळे काचत नाही आणि उसवतही नाही.

आता खिसा. फोन कव्हरसकट ट्रायल रूममध्ये न्या, गाडीची किल्लीही न्या. दोन्ही खिशात घाला आणि तिथल्या स्टुलावर गाडीवर बसल्यासारखे बसा: गुडघे पुढे, पाय टेकलेले. मग सिग्नलला करतो तसा एक पाय खाली, परत वर. जॉगरचा तिरका खिसा असेल तर फोन बोटभर वर आलेला दिसेल. पुन्हा करा, आणखी बोटभर. सेनापती बापट रस्त्याचा चढ आणि मधले गतिरोधक आठवा आणि पुढचं स्वतःच ठरवा. पुरुषांनी यावर हसू नये, त्यांच्या जॉगरची गत हीच आहे. रिक्षात बसलं की फोन सीटच्या फटीत जातो.

म्हणून चेनचा खिसा. निदान एका बाजूला तरी. चेन दोनतीनदा ओढून बघा, रनर कापडात अडकतो का ते कळतं. खिसा उलटा करून आतलं कापड बघा: जाळी असेल तर फोनला ठीक, पण किल्लीचं टोक जाळीला भोक पाडतं आणि मग किल्ली घोट्याशी सापडते, तेही पँट खाली निमुळती असेल तर. हात मनगटापर्यंत आत जाईल एवढा खिसा खोल हवा. किल्ली आणि फोन एका खिशात कधीच नकोत, स्क्रीनवर ओरखडे उठतात. लेगिंगला मांडीवर फोनचा घट्ट खिसा आणि कमरेच्या पट्ट्यात मागे किल्लीपुरती छोटी जागा असते. तिथे किल्ली, मेट्रोचं कार्ड आणि चहापुरती घडी घातलेली नोट बसली पाहिजे. नुसती शिवण टाकून खिशाचा भास केलेले कपडे बायकांसाठी कोण शिवतं मला माहीत नाही, पण शिवतात, आणि आपण घेतो. घेऊ नका.

‘गाडीवर उन्हासाठी घालतो त्या सनकोटाला खिसे आहेत की!’ आहेत. पण गाडी लावली की सनकोट डिकीत जातो, आणि टेकडीवर कुणी सनकोट घालून चालत नाही. ‘फोन कमरेत खोचते.’ खोचा, पंधरा मिनिटांत घामाने ओला होतो आणि ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही, मग घरचा फोन वाजत राहतो आणि तुम्ही पदर नसलेल्या कपड्यांत तो पुसायला कोरडी जागा शोधत राहता. ‘छोटी पर्स घेईन.’ मग पर्सच सांभाळा. सकाळी टेकडीवर मूठ वळून चालणाऱ्या बायका दिसतात ना, त्या जोशात नसतात, त्यांच्या मुठीत ॲक्टिवाची किल्ली असते.

आधीच घेतलेल्या कपड्याला खिसा लावून घेता येतो, पण टेलर बघून. ताणणाऱ्या कापडावर साधी सरळ शिवण टिकत नाही; कापड ताणलं की दोरा ताणला जात नाही, तुटतो. झिगझॅग मशीन आणि होजिअरीची गोल टोकाची सुई असलेला माणूस शोधा. पिको-फॉल करणाऱ्यांकडे झिगझॅग बहुतेक असतं. खिसा बाहेरून मांडीवर लावायला सांगा, आणि कापड त्याच जातीचं द्या, सुती अस्तर नको. ‘होईल ना काम?’ असं विचारू नका, कुणीही हो म्हणतं. आधी केलेलं काम दाखवायला सांगा.

वरचे कपडे सोपे. चारपाच टी-शर्ट, त्यातले दोन घाम सुकवणारे, दोन सुती किंवा सुती-पॉलिस्टर मिश्र, एक कॉलरचा. सुती धागा ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर जवळजवळ धरतच नाही. म्हणून व्यायामाला पॉलिस्टर लवकर वाळतो, आणि दिवसभर बसायला सुती बरा वाटतो. पॉलिस्टरचा दोष असा की अंगाचं तेल त्याला चिकटून राहतं आणि काखेचा वास धुऊनही पूर्ण जात नाही. तेव्हा व्यायामाचा टी-शर्ट ऑफिसला नाही. बदलायचा. दिवसभर एकच जोडी चालवायची असा हट्ट खालच्या कपड्यापुरता ठेवा. छातीवर मोठा लोगो किंवा इंग्रजी उपदेश असलेला शर्ट कशावरच जात नाही, सोडून द्या. लेगिंगवर घालायचा टी-शर्ट हात वर केल्यावरही कमरेखाली राहतो का ते बघा. मेट्रोत वरची कडी धरून उभं राहायचंय.

ऑफिससाठी सरळ पँट, कॉलरचा टी-शर्ट, स्वच्छ बूट. हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत एवढ्यावर कुणी मान वळवत नाही. बाजूला पांढरी पट्टी असलेली पँट मात्र मीटिंगला नको, त्यात माणूस पीटीच्या तासाला निघाल्यासारखा दिसतो. आणि ऑफिसच्या पँटलाही खिसा, चेनचा, आयकार्ड लॅपटॉपच्या बॅगेत राहिलं की कँटीनपासून परत चालावं लागतं.

जॅकेट एकच घ्या, पण पूर्ण चेनचं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास आणि दुपारी ३० च्या जवळ, त्यामुळे डोक्यातून काढायचा हूडी दहा वाजता अंगावर ओझं होतो. टोपीचाही विचार करा: हेल्मेटखाली ती मानेशी गोळा होते आणि वेग घेतला की वारा भरून मागे ओढते. टोपी नसलेलं, पातळ, घडी करून डिकीत मावणारं जॅकेट. त्याला आत एक खिसा असला तर सोन्याहून पिवळं, पण जॅकेटला खिसा आहे म्हणून पँटचा खिसा माफ होत नाही. जॅकेट दुपारी डिकीत असतं. हे वर सनकोटाच्या वेळी सांगितलंय, पुन्हा सांगते.

पावसाचं जॅकेट वेगळं. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे बुरबुर झेलेल, जुलैतली सर झेलणार नाही. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असेल तरच त्यावर भरवसा. नाहीतर साधा रेनसूट डिकीत असू द्या.

आतले कपडे: बिनशिवणीचे, अंगाच्या रंगाचे किंवा काळे. स्पोर्ट्‌स ब्रा घालून जागच्या जागी उड्या मारून बघा, मापाच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. मोजे घ्या. बूट एक जोडी चालायची, एक बाकी सगळ्याची. पांढरे घेतलेत तर जून ते सप्टेंबर विसरा.

कुठून घ्यायचे? लेगिंग आणि ब्रा जिथे ट्रायल रूम आहे तिथूनच, मग ते डेकॅथलॉन असो की मॉल. टी-शर्ट कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर किंवा डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये बिनधास्त घ्या, घासाघीस करून. तिथे ‘एक्स्पोर्टचा माल’ म्हणतील. ऐका, मान डोलवा आणि काखेची शिवण आतून बघा. पँट तिथे घ्यायचीच असेल तर ट्रायल नाही, पण खिसा उलटा करायला कुणी अडवत नाही. एका दुकानात मला ‘मॅडम, खिसा आहे की’ असं सांगून पाकिटबंद माल हातात दिला होता. पाकीट फोडायला लावा. ऑनलाइन मागवणार असाल तर मॉडेलचे फोटो बघू नका, खाली लोकांनी टाकलेले बघा आणि तिथे खिशात फोन घातलेला कुणी दाखवलाय का ते शोधा.

धुणं थोडक्यात. उलटे करून, साध्या पाण्यात, थोडी पावडर. कम्फर्टसारखं कपडे मऊ करणारं काही घालायचं नाही, त्याचा थर बसतो आणि कापड घाम ओढेनासं होतं. गरम इस्त्री नाही, कडक उन्हात तासन्‌तास नाही, स्पॅन्डेक्स मरतो. वास राहिला तर बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, अर्धा तास. चेन लावून धुवा. धुण्याआधी खिसे तपासा, आता खिसे आहेत म्हटल्यावर.

पावसाळ्यात जाड जॉगर तीन दिवस गॅलरीत लोंबकळतो आणि कुबट होतो, त्या महिन्यांत पातळ पँटच. टॉवेलात गुंडाळून पिळा, पंख्याखाली टाका.

घरी आणलं की टॅग न काढता अर्धा तास घालून वावरा, जिना चढा-उतरा, फोन खिशातच. बिल जपून ठेवा. साखरपुडा, सत्यनारायण, सासरची मंडळी: तिथे यातला एकही कपडा नको. जुने सैल झालेले कपडे ‘घरात होतील’ म्हणून परत कपाटात कोंबू नका. बोहारीण घेत असेल तर द्या, नाहीतर गाडी पुसायला.