जर्कॅट पेशींत टॅल-१ची चिप: या चुका टाळा

चिप म्हणजे एखादं प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते अँटिबॉडीने पकडून बघण्याचा प्रयोग; इथे प्रथिन टॅल-१, जनुकांचं नियंत्रण करणारं, आणि जर्कॅट या ल्युकेमियाच्या टी-पेशी. चिपमध्ये सिग्नल आला नाही की पहिला संशय अँटिबॉडीवर जातो. बहुतेक वेळा ती बिचारी निर्दोष असते. घोळ त्याआधीच, फिक्सिंगच्या, म्हणजे प्रथिनं डीएनएला जखडण्याच्या, दहा मिनिटांत झालेला असतो.

जर्कॅट पेशी तरंगत वाढतात, म्हणून फ्लास्कमध्येच फॉर्मल्डिहाइड ओतायचा मोह होतो. पण माध्यमातल्या सीरमची प्रथिनं ते शोषतात आणि दर बॅचचं फिक्सिंग वेगळं पडतं. पेशी पीबीएसने (क्षारांच्या बफरने) धुवा, गुठळ्या मोडा, मग १ टक्का ताजं, मिथेनॉलविरहित फॉर्मल्डिहाइड, खोलीच्या तापमानाला १० मिनिटं. लगेच फिक्सिंग थांबवायला ०.१२५ मोलर ग्लायसीन, ५ मिनिटं.

नेहमीचा किस्सा असा: ट्यूब फिरत ठेवली, फोन आला, दहाची पंचवीस मिनिटं झाली. 'जास्त फिक्स म्हणजे जास्त पक्कं' अशी समजूत असतेच. मग सोनिकेशनमध्ये (ध्वनिलहरींनी तुकडे करताना) क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांसकट डीएनए, तुटत नाही. सायकली दुप्पट करतात. ट्यूब तापते, फेस येतो, आणि फेस आला की पुढची ऊर्जा वाया. शेवटी टॅल-१ जनुकाच्या ७.५ किलोबेस आधीच्या एन्हान्सरवर (जनुकाला चालना देणाऱ्या डीएनएच्या भागावर) सिग्नल मिळतो, आणि तिथून दीड किलोबेसवरची जागा मोजणाऱ्या प्राइमरवरही जवळपास तेवढाच! तुकडे लांब असले की शेजारीही सोबत ओढले जातात. अँटिबॉडी घालण्याआधी थोडं क्रोमॅटिन जोड सुटायला ६५ अंशांवर रात्रभर ठेवून जेलवर बघा. २०० ते ५०० बेसजोड्या दिसल्या तरच पुढे. एक दिवस वाचवायला हे टाळणारे पुढे महिना घालवतात.

पेशी फोडायला वापरलेलं एसडीएस (साबणासारखं द्रव्य) ०.१ टक्क्यापर्यंत विरळ केल्याशिवाय अँटिबॉडी घालू नका.

इनपुट (तुलनेसाठी बाजूला ठेवलेलं क्रोमॅटिन) १ टक्का असेल तर त्याच्या सीटीमधून, म्हणजे क्यूपीसीआरमध्ये सिग्नल दिसतो त्या सायकलच्या आकड्यातून, ६.६४ वजा करा.

निगेटिव्ह (सिग्नल येऊ नये अशी जागा) म्हणून जीएपीडीएच या सतत चालू जनुकाचा प्रमोटर नको, तिथलं क्रोमॅटिन सताड उघडं असतं. जनुकं नसलेला ओसाड पट्टा घ्या.

पेशी बदलताना प्राइमर डोळे झाकून उचलू नका. जर्कॅटमध्ये त्या एन्हान्सरवर १२ बेसजोड्यांची भर पडून एमवायबी या प्रथिनाला बसायला जागा झाली आहे, तीही गुणसूत्राच्या एकाच प्रतीवर. सीसीआरएफ-सीईएम या दुसऱ्या ल्युकेमिया पेशींमध्ये टॅल-१ चालू होतं ते त्याला शेजारच्या एसटीआयएल जनुकाशी जोडणाऱ्या डिलीशनमुळे (मधला डीएनए गळाल्यामुळे), आणि त्या गुणसूत्रावर हा भाग उडालेलाच असतो.

आणि 'टॅल-१ बसलं म्हणजे नियंत्रण करतं' हे तर कृपा करून लिहू नका. ते बसलेली जागा नुसती बसण्याचीही असू शकते. नॉकडाउन करा, म्हणजे टॅल-१ची पातळी घटवा, दोन वेगवेगळ्या एसएचआरएनएने (जनुकाचा आवाज दाबणाऱ्या छोट्या आरएनएने), आणि आरएनए लवकर काढा. चार-पाच दिवस थांबलात तर पेशी मरू लागतात आणि मोजला जातो मृत्यूचा परिणाम. एसएचआरएनएला न जुमानणारा टॅल-१ परत घातल्यावर जनुकाची पातळी मूळ पदावर आली, तर त्या जनुकाबद्दल बोला.