गंजून बसलेला नळ काढताना भिंतीतला एल्बो सांभाळा

इंदूरच्या जुन्या घरांमध्ये, रामबाग-नारायणबागेकडे विशेषतः, न्हाणीघराच्या भिंतीत अजून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप सापडतात. त्यावर पितळी नळ. ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना लागून राहिले की आधी लोखंड झिजतं, आणि बोरिंगच्या जड पाण्याचा क्षार उरलेली फट भरून टाकतो. नळ जोर लावून निघतोच. पण त्याच जोराने मागचा एल्बो, म्हणजे नळ ज्यात बसतो तो भिंतीतला वाकडा जोड, तडकला, तर टाइल फोडून आत पोहोचावं लागतं. म्हणून सगळी काळजी त्या एल्बोची.

काम सकाळी सुरू करा. काही मोडलं तर सियागंजातली हार्डवेअरची दुकानं उघडी हवीत. नर्मदेचं पाणी एक दिवस आड येत असेल तर आदल्या दिवशी बादल्या-पिंप भरून ठेवा. गीझरचा एमसीबी (वीज तोडणारं बटण) पाडा, गच्चीवरच्या टाकीचा गेट वॉल (पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह) बंद करा आणि गरम-गार दोन्ही नळ उघडे सोडा. जुना गेट वॉल बहुधा पूर्ण बसत नाही. दहा मिनिटांनीही धार चालू असेल, तर टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही.

आता नळाकडे नीट बघा. हिरवट थर तांब्याचा, पांढरा क्षाराचा. पितळ जरा खरवडून पाहा: पिवळं चमकलं तर ते धड आहे. तांबूस, भुसभुशीत दिसलं तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि पाना लावताच नळ आट्यापाशी तुटणार, हे धरून चाला.

क्षारावर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी दोन-तीन तास गुंडाळून ठेवा. खाली कोटा फरशी असेल तर प्लास्टिक अंथरा, कारण कोटा हा चुनखडीचाच दगड आहे आणि व्हिनेगर त्यालाही खातं. टॉयलेट क्लीनरचं ॲसिड इथे वापरू नका. ब्लीचशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू निघतो. क्षार पुसला की आट्यांवर, म्हणजे इथल्या प्लंबरच्या भाषेत चुडीवर, गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या. हीच पायरी लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त एल्बो याच घाईत फुटतात.

दुसऱ्या दिवशी फ्लँज (भिंतीलगतची गोल चकती) मागे सरकवा, भोवतीचं व्हाइट सिमेंट छिन्नीने हलकेच काढा. एल्बोची कड दिसत असेल तर एक पाईप पाना तिथे उलटा धरा आणि दुसऱ्याने नळ फिरवा. कड दिसत नसेल आणि नळ जाम असेल, तर आधी कडेची एक टाइल काढलेली परवडते. पहिला हिसका घट्ट करण्याच्या दिशेने, अगदी केसभर. त्याने गंजाची पकड सुटते. मग डावीकडे. हलला की पुन्हा तेल, पुढे-मागे, पुढे-मागे. सलग फिरवत सुटू नका. भिंतीत सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाईप असेल तर ब्लो टॉर्चने तापवायचा विचारही नको.

वॉल मिक्सर (गरम-गार पाण्याचा एकत्र नळ) असेल तर भिंतीलगतचे दोन मोठे नट थोडे थोडे आळीपाळीने सोडा. एकच पूर्ण सोडला तर दुसऱ्या पायावर सगळा पीळ येतो. मिक्सर निघाल्यावर ते वाकडे पाय वेगळे काढायचे.

नळ तुटून आटे आतच राहिले तर अर्धा इंची निपल एक्स्ट्रॅक्टर (तुटका तुकडा आतून पकडणारं हत्यार) ठोकून बसवा आणि डावीकडे फिरवा. तो नसेल तर हॅक्सॉच्या सुट्या पात्याने आतून समोरासमोर दोन खाचा पाडा. उरलेलं पितळ कागदाइतकं पातळ झालं की थांबा, एल्बोच्या आट्यांना पातं लागता कामा नये. मग बारीक छिन्नीने तुकडा आत दुमडला की सहज निघतो. एल्बोचे आटेच खाल्लेले असतील, तर टेफ्लॉनची पट्टी कितीही गुंडाळली तरी गळणारच, एल्बो बदला.

आट्यांतली जुनी सुतळी आणि सफेदा (सांध्यात भरलेला पांढरा लेप) टोकदार सुईने काढा, तारेचा ब्रश फिरवा. नवा नळ लगेच लावू नका. एल्बोसमोर बादली धरून टाकीचा वॉल अर्धा मिनिट उघडा. आधी काळपट-तांबडं पाणी आणि गंजाचे कण येतील. तेच कण नव्या नळाच्या सिरॅमिक डिस्कवर ओरखडे पाडतात आणि आठवडाभरात नळ टपकू लागतो.

पाणी स्वच्छ झालं की वॉल बंद करा. डमीला, म्हणजे एल्बोचं तोंड तात्पुरतं बंद करणाऱ्या बुचाला, आट्यांच्या दिशेने टेफ्लॉनचे दहा-बारा वेढे द्या, बसवा आणि लाइन चालू करा. एल्बोभोवती कोरडा टिश्यू दाबून रात्रभर ठेवा. सकाळी तो कोरडा असेल तरच सिमेंट भरा, मग टाकीचा वॉल बंद करून डमीच्या जागी नवा नळ लावा. आणि गरम नळाला सलग धार आल्याशिवाय गीझरचा एमसीबी वर करू नका.