दगडी अशनीचं थिन सेक्शन मायक्रोस्कोपखाली कसं बघायचं
सेक्शन (काचेवर चिकटवलेला अशनीचा पातळ काप) ३० मायक्रॉनचं, म्हणजे ०.०३ मिमी जाडीचं आहे ना ते आधी बघा, जाड असलं तर रंग फसवतात. सुरुवात सगळ्यात कमी पॉवरच्या लेन्सने करा. साध्या पोलराइज्ड लाइटमध्ये (म्हणजे एकच पोलरायझर, प्रकाश एका दिशेत कंपायला लावणारा फिल्टर, वापरून) गोल गोल दाणे दिसतात ते कॉन्ड्रूल, कडा स्पष्ट असतील तर अशनी फारसा तापलेला नाही, टाइप ३ असू शकतो (हा आकडा जितका मोठा तितका अशनी जास्त तापलेला), आणि आजूबाजूच्या भागात मिसळून गेल्या असतील तर टाइप ६ कडे झुकतोय.

आता दुसरा पोलरायझर आत सरकवा, खरी मजा इथेच आहे! ऑलिव्हिन नावाचं खनिज भडक निळं-गुलाबी-हिरवं दिसतं, ऑर्थोपायरॉक्सिन हे दुसरं खनिज मात्र राखाडी ते फिकट पिवळं. स्टेज (सेक्शन ठेवायची गोल तबकडी) हळूहळू फिरवा, दाणा एकदम काळा न होता त्यावरून सावली लाटेसारखी सरकत गेली तर ती अवकाशात टक्कर झाल्याची खूण. पट्ट्यापट्ट्यांचं कॉन्ड्रूल सापडलं तर फोटो काढाच, बऱ्याचदा सगळ्या पट्ट्या एकदमच काळ्या होतात कारण तो आतून एकच क्रिस्टल असतो.

साध्या लाइटमध्येसुद्धा काळंच दिसतं ते बहुतेक धातू नाहीतर ट्रॉयलाइट (लोखंड-गंधकाचं खनिज), त्यासाठी वरून लाइट टाका (सेक्शन पॉलिश केलेलं हवं, वर काच नको). धातू पांढरा चमकतो, ट्रॉयलाइट पितळी पिवळसर.